चाळीसच्या आत

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी.

पूल संपल्यावर जो उतार लागतो, त्याच्या वळणाच्या तोंडाशी एक खांब उभा राहिला आहे. करडा. वर दोन कॅमेरे. एक येणाऱ्याकडे तोंड करून, दुसरा जाणाऱ्याकडे पाठीमागून बघणारा. खाली पाटी: वेगमर्यादा ४०.

चाळीसवर माझी गाडी चालत नाही, रांगते.

शहरात एवढे रस्ते पडले असताना हाच उतार का? या वळणाची खुबी फक्त मला ठाऊक आहे. पूल संपला की थर्डला टाकायची, वळणात शिरताना पाय जरासा उचलायचा, आणि वळण अर्धं झालं की दाबायची. ओल्या हातातून साबण निसटावा तशी गाडी बाहेर पडते. अख्ख्या दिवसातला तेवढाच एक क्षण माझा. बाकीचा दिवस गाद्यांचा. गाद्यांच्या कारखान्यात क्वालिटी सुपरवायझर आहे मी. स्प्रिंगवर वजन ठेवायचं, काढायचं, स्प्रिंग पुन्हा जागेवर येते का बघायचं. यात माणसाचं रक्त कुठे सळसळणार?

शंका: खांब नेमका तिथेच लावा, हे त्यांना सांगितलं कोणी? वळणाची खुबी मी हिला सांगितली आहे (रोजच सांगतो). कन्येला सांगितली आहे. आणि तळमजल्यावरच्या मोजपट्टीला. हा गृहस्थ जमीन-मोजणी खात्यातून रिटायर झाला, पण मोजणं सुटलेलं नाही. पार्किंगमध्ये माझं चाक रेघेवर आलं तर पायाने अंतर मोजून दाखवतो. एकदाच माझ्या गाडीत बसला होता. काहीतरी विकत घ्यायचं आठवलं म्हणून अर्ध्या वाटेत उतरला. तिथे दुकान नव्हतं.

संशयित क्रमांक एक: मोजपट्टी.


५ फेब्रुवारी, गुरुवार.

संकल्प: कायद्याच्या आत राहूनही शान राखायची. खरा ड्रायव्हर वेगात नव्हे, संयमात दिसतो.

सकाळी चाळीसने उतरलो. मागून पावाची व्हॅन आली आणि पुढे निघून गेली. व्हॅनवाल्याने वळून बघितलं. नजरेत कीव होती की काय, याचा दिवसभर विचार. दोन गाद्या न तपासताच पास केल्या.

संध्याकाळी पुन्हा चाळीस. हिने विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का. नाही म्हटलं. म्हणाली, मग छान चाललीय. या 'छान'चा अर्थ लावायला हवा.


९ फेब्रुवारी, सोमवार. रात्री जेवणाआधी.

पहिलं चलन आलं. फोनवर, फोटोसकट. वेग ६३.

खोटं. काटा बघितला नव्हता हे खरं, पण मुरलेल्या ड्रायव्हरला काटा लागत नाही, अंगाला कळतं. अंगाला पंचेचाळीस वाटत होते.

फोटो मात्र सुंदर आला आहे. वळणात किंचित कललेली, उन्हात झळकणारी लाल गाडी. इतका चांगला फोटो आजवर घरातल्या कोणी काढला नाही. सेव्ह केला. शेजारच्या सीटवर ही आहे, पण तिचे डोळे घट्ट मिटलेले आहेत आणि एक हात डॅशबोर्डवर. फोटोत ही नेहमीच डोळे मिटते.

ताबडतोब मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, मीटर तपास. त्याने तासभर घेतला. म्हणाला, मीटर ठणठणीत आहे, उलट खऱ्या वेगापेक्षा दोन-चार जास्तच दाखवतो. म्हणजे तुम्ही काटा बघितला असता तर वाचला असतात. हे शेवटचं वाक्य त्याला कोणी विचारलं होतं? इतकी वर्षं मुकाट्याने माझ्या क्लचप्लेटा बदलणारा माणूस आज एकदम कायद्याच्या बाजूने बोलायला लागला. त्यालाही गाठलेलं दिसतं.


१४ फेब्रुवारी, शनिवार.

ही म्हणाली, सोमवारपासून मी बसने जाईन. ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, सकाळी रक्ताचे नमुने घेते. माझा कारखाना वाटेत, तिचं हॉस्पिटल थोडं पुढे. रोज मी तिला सोडून मागे येतो. म्हणाली, तुमचा वळसा वाचेल.

मी कागदावर नकाशा काढून सिद्ध केलं की हा वळसा नाहीच, ही नुसती सरळ रेषा आहे, जरा लांब. तिने नकाशा शांतपणे बघितला आणि म्हणाली, असू दे.

'असू दे' हा आमच्या घरात निकाल असतो. वर अपील नाही.

घरात गाडी असताना बाईमाणूस बसला लटकत जातं, यामागे काहीतरी आहे. तपास करावा लागणार. बरं, एका अर्थी हे चांगलंच झालं. एका माणसाचं वजन कमी झालं की गाडीचा पिकअप सुधारतो.


१८ फेब्रुवारी, बुधवार.

मोजपट्टीच्या घरी धाड.

उघड जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून शिडी मागायच्या निमित्ताने गेलो. कुंड्यांना पाणी घालत होता. बसा म्हणाला, चहा दिला, आणि गच्चीच्या गळतीवर बोलत राहिला. मी गळतीवरून पाण्यावर, पाण्यावरून नदीवर, नदीवरून पुलावर विषय आणला. पुलावरून हळूच उतारावर. त्याचा चेहरा बघत होतो. साखर ढवळणारा हात जराही थरथरला नाही. म्हणजे माणूस सराईत आहे.

शेवटी सरळच विचारलं, खांबासाठी अर्ज तुम्ही केलात का.

त्याने चमचा बशीत ठेवला आणि म्हणाला, "मी केला असता, तर चाळीस नाही, तीस लिहायला सांगितलं असतं."

शिडी घेऊन वर आलो. आमच्याकडे शिडीचं काहीच काम नाही. पॅसेजमध्ये आडवी पडली आहे. कन्या दोनदा अडखळली.


२४ फेब्रुवारी, मंगळवार.

दुसरं चलन. ५८. प्रगती आहे, पण तिची दखल कोण घेणार?

मला आता नक्की कळलं आहे. कॅमेरा लाल रंगावर डूख धरून आहे. कन्येला सांगितलं. ती कॉलेजात फिजिक्स शिकते. म्हणाली, बाबा, त्याला रंगाशी काही घेणं नाही, तो वेग मोजतो. विचारलं, मग बाकीच्यांना का पकडत नाही? म्हणाली, पकडत असेल, पण त्यांची चलनं तुमच्या फोनवर कशी येतील? उर्मटपणा आईकडून आला आहे.

वर हिशेब करून दाखवला की त्या उतारावर इतक्या वेगाने जाऊन माझे साधारण नऊ सेकंद वाचतात. मी म्हणालो, बाळ, आयुष्य सेकंदांचंच बनलेलं असतं. तर म्हणाली, मग साठवलेले सेकंद ठेवलेत कुठे?

प्रयोग सुरू केले आहेत. काल एका मोठ्या ट्रकच्या आडोशाने उतरायचं ठरवलं. ट्रक पुलाच्या आधीच वळला, मी उघडा पडलो. आज दुसऱ्या रस्त्याने गेलो. रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी संपेचना. कारखान्यात पोचलो तेव्हा साहेब दारातच. म्हटलं, एका सरकारी यंत्रणेशी माझं प्रकरण चालू आहे. ते म्हणाले, स्प्रिंगांचं प्रकरण पण बघा, तीन गाद्या परत आल्यात.

पूर्वी गाडीत बसलो की छाती दोन इंच फुगायची. आता पूल आला की नजर खांब शोधते. हेच त्यांना हवं असणार. माणसाचा छंद मोडला की माणूस मोडतो.


२ मार्च, सोमवार. संध्याकाळी.

ही गुणगुणत घरी आली.

नीट लिहितो, कारण हे साधं नाही. माझ्याबरोबर गाडीने यायची तेव्हा कपाळ दाबत यायची, आल्या आल्या बाम लावून अंधारात पडायची. हल्ली बामची बाटली धूळ खाते आहे. गालावर तजेला आहे. आज निळा स्कार्फ होता, नवा. विचारलं, कशासाठी? म्हणाली, बसमध्ये उपयोगी पडतो. स्कार्फ बसमध्ये कशाला लागतो?

जेवताना आपणहून बोलली. म्हणे, ड्रायव्हर किती सुरेख चालवतात. कुठे धक्का नाही, कुठे गचका नाही.

चालवतात! मला इतकी वर्षं 'बघून चालवा हो' एवढंच ऐकायला मिळालं. आणि कुठल्या कोण ड्रायव्हरला आदरार्थी बहुवचन?

सहज विचारल्यासारखं करून विचारलं, वय काय असेल. म्हणाली, असेल आपल्याएवढं. विचारलं, काही बोलतात का. म्हणाली, बोलतात की, उतरताना रोज विचारतात, झोप झाली का.

घास हातातच राहिला. माझ्या बायकोची झोप झाली की नाही, याची चौकशी बसचा ड्रायव्हर करतो.

कन्या भातात बघून हसत होती. तिला यातलं काहीतरी माहीत आहे.


६ मार्च, शुक्रवार. दुपारी, पार्किंगमध्ये बसून.

क्रमाने लिहितो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ही बसस्टॉपवर गेल्यावर मी कोपऱ्यावर गाडी लावून थांबलो. बस आली, ही चढली. मी दोन गाड्या मध्ये ठेवून मागे निघालो. पाठलाग माझ्या रक्तात आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे, पण बसचा पाठलाग फार वाईट. ती थांबली की आपण थांबायचं. मागचे हॉर्न वाजवतात. स्कूटरवरच्या एका बाईंनी काच वाजवून विचारलं, ढकलायला मदत हवी का.

एवढ्या हळू मी या रस्त्याने कधी गेलो नव्हतो. कुलपांचं एक दुकान आहे. छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. पुलाचा कठडा हिरवा आहे. हे सगळं अलीकडेच झालेलं असावं.

पुलाच्या आधीच्या सिग्नलला बस थांबली. मी शेजारच्या लेनमध्ये शिरलो आणि मान वर करून ड्रायव्हरला बघितलं.

बाई. करड्या केसांचा अंबाडा, दोरीला अडकवलेला चष्मा, स्टिअरिंगवर दोन्ही हात अगदी ठेवायचे तिथे ठेवलेले. आदरार्थी बहुवचनात बाई लपून बसली होती! एवढं मराठी बोलत जन्म गेला, आज भाषेवरचाही विश्वास उडाला.

हायसं वाटलं, हे नाकारत नाही. मग तीन खिडक्या सोडून मागे नजर गेली. ही बसली होती. निळ्या स्कार्फची घडी काचेला टेकवलेली, त्यावर गाल, तोंड किंचित उघडं. गाढ झोपलेली. घरात आमच्या कारखान्याची सगळ्यात भारी गादी आहे, मी स्वतः निवडून आणलेली. तिच्यावरही इतकी गाढ झोपलेली मी हिला पाहिली नाही.

तिथे बस हलते, दारं आपटतात, माणसं चढतात-उतरतात. तिथे हिला झोप लागते.

किती वेळ बघत होतो कोण जाणे. मागून हॉर्न सुरू झाले. हिरवा केव्हाच लागला होता. बस निघून पुढे गेली होती. मला काय झालं कळलं नाही. पाय दाबला गेला. बस मागे टाकली, पूल मागे टाकला, उतार लागला. मग फ्लॅश.

काटा या वेळी बघितला. फ्लॅशनंतर.

(झोपेचं सोंगही असू शकतं. मला आधीच पाहिलं असेल.)


११ मार्च, बुधवार.

तिसरं चलन, ७१. सोबत पत्र. लायसन्स निलंबित का करू नये, यासाठी सुनावणी.

ही नुसती पत्राकडे बघत राहिली आणि मग भांडी घासायला गेली. भांडी घासलेली होती.

संकल्प: वकील नको. स्वतःची बाजू स्वतः मांडणार. समोरचा माणूस सुशिक्षित असेल तर वळणाचं तंत्र त्याला नक्की पटेल. मोठ्या कागदावर उताराचा नकाशा काढायला घेतला आहे. माझी लाइन ठिपक्यांनी दाखवली आहे. कन्येचे रंगीत पेन वापरले.


१९ मार्च, गुरुवार.

अधिकारी पन्नाशीचा, सर्दीने बेजार. माझ्या आधीच्या माणसाला दोन मिनिटांत बाहेर काढलं. मला मात्र त्याने बसायला सांगितलं. नकाशा उलगडला, तर चष्मा लावून मन लावून बघायला लागला. वाटलं, जिंकलो.

त्याने विचारलं, ही ठिपक्यांची रेघ कसली? सांगितलं, माझी लाइन. वळणात आधी बाहेरून, मग आतून, मग पुन्हा बाहेर. त्याने मान डोलावली. मग नाक पुसून विचारलं, तुम्ही एवढं सगळं काढलंय, खांब काढलाय, पाटी काढलीय, झाड पण काढलंय. मग झेब्रा क्रॉसिंग का नाही काढलं?

म्हटलं, कुठलं?

त्याने पेन्सिलीने माझ्या ठिपक्यांच्या रेघेवर आडवे पट्टे मारले. बरोबर तिथे, जिथे मी दाबतो.

मी सांगितलं की असं काही तिथे नाही. तो म्हणाला, पहिल्यापासून आहे. हे लोक रात्रीत पट्टे मारू शकतात, हे मी मनात नोंदवलं.

मग त्याने नकाशाची घडी केली, परत दिली आणि विचारलं, "एवढी घाई कुठे जायची होती?"

कामावर, म्हणावं तर त्या दिवशी रजा होती. तोंडून खरं तेच गेलं, की एका बसच्या पुढे जायचं होतं. त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

लायसन्स तीन महिने जमा. शिवाय एक दिवसाचा सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग, सक्तीचा.

कारखान्यात कळवलं की पाठ धरली आहे. साहेब म्हणाले, आपल्या गाद्यांवर झोपता ना? हे बाहेर कुठे बोलू नका.


२८ मार्च, शनिवार. दुपारी.

वर्ग झाला.

वाटलं होतं, सगळी बेदरकार तरणीबांड पोरं असतील, आणि त्यांच्यात आपण अनुभवी म्हणून उठून दिसू. होते कोण? एक दाताचे डॉक्टर, एक शिलाईच्या क्लासच्या बाई, केकची डिलिव्हरी करणारा एक घामाघूम गृहस्थ, आणि एक आजी. आजींना विचारलं, तुम्ही इथे कशा. म्हणाल्या, नातीच्या शाळेला उशीर होत होता, चूक झाली, पुन्हा नाही होणार. किती सहज बोलल्या. यांना प्रकरण लढवता येत नाही.

शिक्षकाने एक यंत्र आणलं होतं. समोर दिवा लाल झाला की पायाने ब्रेक दाबायचा. किती वेळ लागला ते पडद्यावर येतं. माझे रिफ्लेक्स लहानपणापासून विजेसारखे, त्यामुळे मी मागे उभा राहिलो. म्हटलं, आधी बाकीच्यांना हात साफ करू दे, उगाच त्यांचा हिरमोड नको.

पाचांत पाचवा आलो. आजी दुसऱ्या.

पुन्हा मागितलं. पुन्हा पाचवा. म्हटलं, पेडल घट्ट आहे. शिक्षकाने पेडलला तेल घातलं. तिसऱ्यांदाही तेच आकडे, थोडे वाईट. आजी म्हणाल्या, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मी चष्मा लावत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच म्हणते.

यंत्र बिघडलेलं होतं. माझ्यापुरतंच कसं बिघडलं, याचा शोध घ्यायला हवा.

घरी आल्यावर हिने विचारलं, कसं झालं. म्हटलं, उत्तम, शिक्षकाने मला तीनदा बोलावलं.


२९ मार्च, रविवार.

आज ठरवलं होतं की मोजपट्टीविरुद्ध सोसायटीच्या कमिटीकडे लेखी तक्रार द्यायची. माझं लायसन्स गेलं, माझी अब्रू गेली, मला आजींनी हरवलं, आणि हा माणूस खाली कुंड्यांना पाणी घालतो आहे. मजकूर तयार केला. हिला वाचून दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. ही मटार सोलत होती.

दोन ओळी वाचल्या असतील. ती म्हणाली, "खालच्या भाऊंना कशाला मध्ये घेता? कॅमेऱ्यासाठी वाहतूक खात्याच्या ऑफिसात मी गेले होते."

वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

ती मटार सोलतच राहिली. एक दाणा खाली पडला, तो उचलला. मग सांगितलं. नोव्हेंबरातली सकाळ. त्या पट्ट्यांवर एक म्हातारा होता, कानटोपी घातलेला, हातात थर्मास. एक पाय त्याने रस्त्यात टाकलेला. आपली गाडी गेली आणि तो मागे पडला. हिने मान वळवून मागच्या काचेतून बघितलं. तो फुटपाथच्या कडेला बसलेला होता आणि थर्मास रस्त्यावरून गडगडत चालला होता.

म्हटलं, मला कसा दिसला नाही?

"तुम्ही तेव्हा मला थर्ड गिअर समजावून सांगत होतात."

म्हटलं, म्हातारा एकदम आडवा आला असेल. ती म्हणाली, असेल. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मग विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस. म्हणाली, सांगितलं, त्याच संध्याकाळी. मी म्हणे म्हणालो होतो, काळजी करू नकोस, टायर नवीन आहेत.

मला हे आठवत नाही. पण टायर नोव्हेंबरातच बदलले होते.

तिने सांगितलं की दुसऱ्या दिवशी ती त्याला शोधत होती. तो हिच्याच हॉस्पिटलात रोज चहा घेऊन येतो, वरच्या मजल्यावर त्याची बायको दाखल आहे. त्याला काही झालं नव्हतं. हात खरचटला होता. हिने त्याला नवा थर्मास नेऊन दिला, का ते न सांगता. मग त्या ऑफिसात गेली. त्यांनी परत पाठवलं. पुन्हा गेली. तेव्हापासून रोज गाडीत बसताना तो आज पट्ट्यांवर नसू दे, एवढंच म्हणायची.

मी कमिटीच्या तक्रारीची घडी घालत होतो. किती घड्या घातल्या कोण जाणे, कागद काडेपेटीएवढा झाला.

संशय घ्यायला आता कोणी उरलेलं नाही. विचित्र वाटतं. घर मोठं झाल्यासारखं.

मटार सोलायला बसलो. ती म्हणाली, सालं वेगळी टाका.


३० मार्च, सोमवार. कारखान्यातून.

पाठ बरी झाली असं कळवून कामावर आलो. बसने. हिच्याबरोबर.

स्टॉपवर ठरवलं होतं की मोठ्या मनाने जायचं, पण डोळे उघडे ठेवून. एका ड्रायव्हरला दुसऱ्या ड्रायव्हरच्या चुका दिसतातच. त्या सौम्यपणे लिहून ठेवाव्यात आणि तीन महिन्यांनी बाईंना एकदम द्याव्यात, त्यांच्या भल्यासाठी. खिडकीची जागा हिने घेतली. विचारलं नाही, मीही मागितली नाही. वही मांडीवर उघडली.

पहिला मुद्दा लिहिला: ब्रेक फार आधी लावतात. दुसरा लिहिला: गिअर बदललेला कळत नाही. हा दोष की गुण, हे ठरवण्यासाठी खाली बघून विचार करत होतो. पुलावर बस आली आणि माझ्या पोटात काहीतरी वर आलं. कपाळाला गार घाम फुटला. मान वर केली तर उतार फिरायला लागला. आयुष्यात मला गाडी लागलेली नाही. आयुष्यात मी दुसऱ्याच्या गाडीत बसलेलोही नाही म्हणा.

पट्ट्यांपाशी बस थांबली. कोणीतरी ओलांडत होतं. कोण, ते मला बघवलं नाही, मी डोळे मिटून समोरचा दांडा धरला होता.

हिने माझ्याकडे बघितलं, पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून लिंबाची गोळी काढली, कागद सोलून माझ्या हातावर ठेवली. मळमळ थांबते म्हणाली, चघळा, गिळू नका.

गोळी तोंडात टाकली. खरंच बरं वाटलं. विचारलं, या तुझ्या पर्समध्ये कशा?

म्हणाली, "असतात. तुम्ही गाडी घेतली तेव्हापासून."

मी वही मिटली. ही स्कार्फची घडी घालून काचेला टेकली. बोलायचं होतं मला, काय ते जुळवत होतो. जुळेपर्यंत ती झोपली. तिचं डोकं हलू नये म्हणून जरा सरकून बसलो, तेवढंच.

माझा स्टॉप आधी. दाराशी जाऊन घुटमळलो. हिला उठवावं, तर झोप मोडणार. न उठवावं, तर हॉस्पिटल पुढे निघून जाणार. ड्रायव्हरबाईंनी आरशातून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही उतरा. त्यांना मी रोज उठवते."

उतरलो. दुसरी गोळी मागायची राहिली.